शेळीसाहेबांची नोंदवही

पहिल्याच दिवशी त्या माणसानं माझ्यादेखत कपाशीचं एक लाल, मरतुकडं पान तोडलं, धोतराला पुसलं आणि तोंडात टाकलं. मी बघतच राहिलो. शेतकीच्या शाळेत दोन वर्षं घासून मी नुकताच कामदार म्हणून लागलो होतो. कपाशीच्या पानावरचे सगळे रोग मला तोंडपाठ होते, पण रोग तोंडात घालायचा असतो हे कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी पान सावकाश चावलं, डोळे मिटले, गिळलं आणि मला म्हणाले, "नोंद करा. तुरट."

"साहेब, पोटात काही होईल," मी कसाबसा बोललो.

"शेळीला होतं का?"

फार्मावरच्या गड्यांनी त्यांचं नाव 'शेळीसाहेब' का ठेवलंय हे मला त्या क्षणी कळलं. सकाळपासून मला वाटत होतं की ते त्यांच्या दाढीवरून ठेवलं असावं.

ही गोष्ट दुसरी लढाई लागायच्या चार-दोन वर्षं आधीची. जळगावाबाहेर एक लहानसा सरकारी फार्म होता. साहेब तिथले मुख्य, मी त्यांच्या हाताखालचा सगळ्यात कोरा कामदार. त्यांचं खरं नाव मी सांगणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर खानदेशात त्या नावानं त्यांना कुणी ओळखणारही नाही.

त्यांच्या अंगावर बारा महिने एकच खाकी कोट. त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं चौदा खिसे शिवले होते. एक खिसा एका गावाचा. ज्या गावात पान तोडलं त्या गावाच्या खिशात ते जायचं. तो कोट धुवायला त्यांच्या घरात बंदी होती. एकदा बैलगाडीच्या हिसक्यानं दोन खिशांतली पानं एकत्र झाली. आता कुठलं चोपड्याचं आणि कुठलं चाळीसगावचं ते कळेना. मी म्हटलं, "अंदाजानं वाटून टाकू." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवळातली मूर्ती चोरायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून हा गृहस्थ एका पानासाठी चाळीसगावला गेला आणि संध्याकाळी ते पान घेऊन परत आला. मी स्टेशनवर उतरवून घ्यायला गेलो होतो. एवढ्याशा पानासाठी एवढा मोठा माणूस आगगाडीतून उतरताना बघून मला हसू आवरेना, आणि त्यांना ते दिसलंही.

वावरात शिरताना ते वहाणा काढून हातात घ्यायचे. "ओल पायाला कळते, चामड्याला नाही," असं म्हणायचे. ज्याच्या घरी जायचं त्याला रामराम नंतर, आधी त्याच्या कपाशीपाशी. रोगट झाडाजवळ बसले की अर्धा अर्धा दिवस हलायचे नाहीत. शेतकरी बिचारा चहा घेऊन उभा, चहा गार, साहेब पान उलटं करून त्याच्या शिरा मोजताहेत. आणि शेवटी तो विचारायचा, "साहेब, औषध काय?" तर उत्तर ठरलेलं. "मला माहीत नाही."

सरकारी साहेबानं चारचौघांत 'मला माहीत नाही' म्हणायचं! मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की शेतकऱ्यापुढे डगमगू नका, नाही तर तो तुमचं ऐकणार नाही.

पण माझी खरी बोबडी वळायची ती त्यांच्या नोंदवहीमुळे. जाडजूड, कापडी पुठ्ठ्याची वही. तिच्यात एक रकाना 'कारण' असा. शेतकरी जे कारण सांगेल ते त्यात जसंच्या तसं उतरवायचं. ग्रहण लागलं म्हणून पानं लाल झाली, लिहा. शेजाऱ्याची नजर लागली, लिहा. घुबड बसलं, लिहा. पुढे एका बारीक रकान्यात 'तपास बाकी' असं लिहून ते सही करायचे. मी मनात म्हणायचो, ही वही कधी वर मागवली तर आमची दोघांची वरात निघेल.

दोंडाईच्याजवळ एका वावरात कपाशीवर लाल्या पडला होता. लाल्या म्हणजे पानं कडेपासून तांबडी होत जातात, मग वाळतात, गळतात आणि बोंडं पोसत नाहीत. त्या वावराच्या मालकानं ठासून सांगितलं, "आगगाडीना धूर लागस साहेब. गाडी सुरू व्हयनी तैपासून हाई असंच शे." मी तोंड फिरवून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि रुळांच्या कडेनं चालायला सुरुवात केली. भर उन्हात तीन मैल. डावीकडची लाल झाडं मोजायची, उजवीकडची मोजायची. वारा ज्या बाजूला धूर नेतो तिकडे लाल झाडं जास्त निघायला हवी होती. तशी निघाली नाहीत. पण रुळांचा भराव घालायला जिथून माती उचलली होती, तिथे खड्डे पडले होते, खड्ड्यांत पावसाचं पाणी साचत होतं, आणि नेमकी तिथलीच कपाशी दोन्ही बाजूंना लाल होती. मग ते वही घेऊन त्या मालकाकडे परत गेले आणि त्याला म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, आगगाडीनंच झालं. फक्त धुरानं नाही, खड्ड्यानं झालं." तो माणूस इतका खूश झाला की त्यानं आम्हाला शेवभाजी-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवताना मान वर केली नाही.

एवढं पाहूनही मी शहाणा झालो असतो तर पुढचं झालं नसतं.

त्याच वर्षी आश्विनात मला घरून कार्ड आलं. माझी थोरली बहीण, अक्का, चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या सासऱ्यांची, गावात सगळे त्यांना आबा म्हणत, चार बिघे कपाशी ऐन बोंडात असताना लाल झाली. तिथे बोभाटा झाला की ही बाई त्या चार दिवसांत त्या वावरातून फिरली होती. बाजूला बसलेल्या बाईनं पिकात पाय ठेवला, विटाळ झाला, पीक लाल झालं. आबांनी तिला बैलगाडीत घालून आमच्या गावी आणून सोडली. वडिलांना म्हणाले, वरिसभर वाट पाहू, मग तुळशीच्या लग्नानंतर पोराचं दुसरं करू.

कार्ड मी दोनदा वाचलं. अक्का खरंच तिथून गेली होती. वावराच्या पलीकडच्या बांधावर गाय वीत होती, घरात कुणी नव्हतं, म्हणून ती धावली होती. एवढाच तिचा गुन्हा.

साहेबांनी माझा चेहरा बघून कार्ड मागितलं. वाचलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल, दोन शब्द बोलेल. ते म्हणाले, "कोणत्या बांधाकडून कोणत्या बांधाकडे गेली ते लिहिलं नाहीये. उद्या जाऊ."

तापी ओलांडून आम्ही चोपड्याच्या पुढे आबांच्या वावरात पोचलो तेव्हा दहा-पंधरा माणसं जमली होती. आबा उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला खणखणीत. साहेब आधी कपाशीपाशी गेले, पान खाल्लं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग वही उघडून साहेबांनी आबांना विचारलं, "कारण काय म्हणता?"

आबा म्हणाले, "सून तिना दिवसमा वावरमा फिरनी. विटाळ व्हयना. आखो काय देखनं साहेब?"

आणि साहेबांनी मला सांगितलं, "नोंद करा. कारण, विटाळ. तपास बाकी."

माझ्या सख्ख्या बहिणीचा विटाळ सरकारी वहीत मी माझ्या अक्षरात लिहायचा! लिहिला. साहेबांनी पुढे विचारलं, "कुठून कुठे गेली ते दाखवा." गावातल्या एका म्हातारीनं वाट दाखवली. आबांच्या बैलगाडीचा दोर मागवून साहेबांनी तो त्या वाटेवर सरळ ताणून बांधला. अक्का वावरातून आडवी गेली होती, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. लाल कपाशी मात्र खालच्या अंगाला गोळा झाली होती, ताटात आमटी एका बाजूला कलंडावी तशी. अक्काची अर्धी वाट हिरव्यागार झाडांतून गेली होती आणि लाल झाडांपैकी निम्म्यांच्या जवळपासही ती फिरकली नव्हती.

मग साहेबांनी कुदळ मागितली. खालच्या अंगाचं झाड मुळासकट उपटलं. मुळं काळी, कुजकी, वास मारणारी. वरच्या अंगाचं उपटलं, मुळं पांढरी. बांधाच्या कडेनं ते चालत गेले आणि एका जागी थांबले. तिथून पावसाचं पाणी बाहेर काढणारी जुनी चारी होती. ती बुजवली होती आणि तिच्यावर कपाशीच्या दोन ओळी जास्त लावल्या होत्या.

"ही कुणी बुजवली?"

"मी बुजी," आबा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते भडकले. "मी बुजी म्हनीसन पानं लाल व्हयनीत का? तुम्ही म्हनतस ते खरं कशावरून?"

मी वाट पाहत होतो. बोला, आता बोला, सांगा यांना! साहेब म्हणाले, "मला माहीत नाही. पाण्यानं झालं असेल असं वाटतं. एक वर्ष द्या. आमच्या फार्मावर करून बघू, तुम्ही स्वतः येऊन बघा. तोवर मुलाचं लग्न करू नका."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. वरिसभर थांबायचं त्यांनी आधीच कबूल केलेलं होतं. "येसू," म्हणाले, म्हणजे येईन.

परतताना बैलगाडीत माझा बांध फुटला. मी साहेबांवर ओरडलो. "तुम्ही माझ्या बहिणीचा विटाळ सरकारी वहीत लिहून घेतलात!"

"लिहिला नसता तर खोडणार कुठून?" ते म्हणाले आणि खिशातलं पान काढून पुन्हा शिरा मोजायला लागले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांनी फार्मावर तीन सारखे तुकडे आखले. एकच बियाणं, एकच पेरणी, तेवढ्याच ओळी. पहिला तुकडा जसाच्या तसा. तिसऱ्याच्या चारी बाजूंनी बांध घालून पावसाचं पाणी मुद्दाम कोंडायचं. आणि दुसऱ्यात, इथे मला वाटलं माझे कान बिघडले, दुसऱ्यात दर महिन्याला एका बाईनं आपल्या त्या चार दिवसांत रोज फिरायचं आणि प्रत्येक झाडाला हात लावायचा.

साहेबांनी ही गोष्ट फार्मावर निंदणीला येणाऱ्या बायकांना सरळ विचारली. खुरप्यांना धार लावून आणा म्हणावं इतक्या सहजपणे. बायका खुरप्या टाकून पळाल्या. दोघी तर पुन्हा कामाला आल्याच नाहीत. मुकादमानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, तुम्हना साहेबले भूत लागनं वाटस." मला तेव्हा त्याचं खोटं वाटलं नाही. मला वाटलं, अक्का गेली. हा प्रयोग काही होत नाही आणि तुळशीचं लग्न काही थांबत नाही.

आषाढातल्या एका सकाळी मी दुसऱ्या तुकड्याच्या कडेला उभा होतो. साहेबांच्या बंगल्याचं मागचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. साहेबांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणत असू. शांत बाई. तोवर मी त्यांच्या तोंडून दहा वाक्यं ऐकली असतील. केस मोकळे, तेल नाही, जुनं नऊवारी. काय चाललंय ते कळायला मला एक क्षण लागला आणि कळल्यावर माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

"तोंड फिरवू नकोस," काकू म्हणाल्या. "मोज. एक ओळ झाली."

मी वळलो. त्या वाकून प्रत्येक झाडाला तळवा लावत होत्या, आजाऱ्याचं कपाळ बघावं तसा. गडी केव्हाच निघून गेले होते. रस्त्यावरून बाजाराला जाणारी दोन माणसं थांबली आणि बघत राहिली.

मी न राहवून विचारलं, "काकू, साहेबांनी तुम्हाला हे..."

"ते कशाला सांगतील? त्यांनी गावातल्या सगळ्या बायांना विचारलं, फक्त मला विचारायचं सुचलं नाही. मीच म्हटलं, मी चालते." पुढच्या झाडाला हात लावून त्या म्हणाल्या, "तसंही या दिवसांत मला चूल नसते, पाणी नसतं. कोपऱ्यात बसून भिंत बघायची. त्यापेक्षा हे बरं. आणि तुझी बहीण वर्षभर कोपऱ्यात बसलीये ना?"

आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. चार महिने, दर महिन्याला चार दिवस. आमच्या बाजारात कापसाच्या भावाच्या आधी ही बातमी पोचायची. फार्मावरच्या साहेबीणबाई आज वावरात फिरताहेत म्हणजे काय ते लहान पोरालाही कळायचं. एवढी खाजगी गोष्ट चव्हाट्यावर! मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नसे. श्रावणातल्या शुक्रवारी शेजारपाजारच्या बायकांनी हळदीकुंकवाला काकूंना बोलावलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. साहेबांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे. ते पानं मोजत होते.

पान का खातात हे मला काकूंनीच सांगितलं. "चव-बिव काही कळत नाही त्यांना. पण शेतकऱ्यानं त्यांना ते पान खाताना पाहिलं की तो खरं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे." मग थोडं हसून म्हणाल्या, "घरी आले की गुळण्या करतात."

आश्विन उजाडला. तिसरा तुकडा, पाणी कोंडलेला, रक्तासारखा लाल झाला. पहिला हिरवा. दुसरा हिरवा. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला. पण हिरव्यातही कडेच्या ओळींत कुठे कुठे एखाद्या झाडाचं पान लाल होतंच. कपाशी आहे, चार तुडतुडे बसले तरी कडा तांबडी होते. आबा यायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी दोन्ही तुकडे मोजले आणि मला वही दिली. पहिल्यात लाल पानांची झाडं एकोणीस. दुसऱ्यात तेवीस.

चार जास्त. शिकलेल्या माणसाला चार झाडांचा फरक म्हणजे काहीच नाही हे कळेल. आबांना? ते त्या चारच झाडांपुढे उभे राहतील आणि म्हणतील, पाहा, निघालाच की विटाळ! आणि माझी अक्का सवतीच्या घरी पाणी भरेल.

सकाळी दहिवर पडलेलं होतं तेव्हा मी दुसऱ्या तुकड्यात शिरलो आणि कडेच्या ओळींतलं एकूण एक लाल पान खुडलं. धोतराच्या सोग्यात भरून विहिरीमागच्या खड्ड्यात नेऊन टाकलं. दोन वर्षं शाळेत शिकलेला कामदार मी! पान खुडलं तरी देठ झाडालाच राहतो, हेसुद्धा मला सुचलं नाही.

आबा सर्व्हिस मोटारीनं आले. बरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे माझे दाजी, आणि गावातली दोन वडीलधारी माणसं. पहिला तुकडा पाहिला. मान हलवली. दुसऱ्यात शिरले. ओळीतून ओळ फिरले. वाकून, पानं उलटी करून पाहिली. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आठे तं एक बी पान लाल नही," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "बठ्ठं हिरवंगार शे." त्यांनी मुलाकडे पाहिलं. दाजींचा चेहरा उजळला होता. अजून दोन पावलं आणि माझी अक्का घरी जाणार होती.

साहेब एका झाडापाशी वाकले. बोटानं एक उघडा देठ वर केला. दुसऱ्या झाडावर बघितलं, तिसऱ्यावर बघितलं.

"ही मोजणी रद्द," ते म्हणाले.

मी विहिरीकडे बघायला लागलो.

साहेबांनी वही उघडून आबांपुढे धरली आणि त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. "काल संध्याकाळी इथे तेवीस झाडांना लाल पानं होती. त्या पहिल्या तुकड्यात एकोणीस. इथे चार जास्त होती. आज सकाळी कुणीतरी ती तोडून टाकली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या कामदारानं तोडली असणार. तो मुलीचा भाऊ आहे."

मला त्या क्षणी त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. शप्पथ सांगतो. चार महिने आपल्या बायकोला भर गावात उघडं पाडलं, सगळं पार पडलं, आणि आता एका वाक्यात माझ्या बहिणीला परत कोपऱ्यात ढकललं! गप्प बसायला काय झालं होतं?

आबांनी वाकून तो देठ स्वतः पाहिला. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही चूप ऱ्हातात ते मी मानी लेता."

"म्हणूनच चूप राहिलो नाही," साहेब म्हणाले.

आबा तिसऱ्या तुकड्यात गेले. उकिडवे बसले. हातानं माती उकरून काळं मूळ वर काढलं, नाकाशी नेलं. तो वास त्यांच्या ओळखीचा होता, हे मला एवढ्या लांबूनही दिसलं. उठून ते बंगल्याच्या ओट्यापाशी आले. ओट्यावर काकू उभ्या होत्या.

"माय, तुम्हीच फिरन्यात का त्या वावरमा?"

"हो. चार महिने."

आबांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. बरोबरच्या दोघांकडे वळून म्हणाले, "जो माणूस बायकोनी चार महिनानी मेहनत एक शब्दमा बुडाई टाकस, तो मन्हासंगे खोटं कसं बोली? चार झाडं जास्त शेतस ते शेतस. पन तठे बठ्ठं वावर लाल शे, आनि तठे बाई नही फिरनी, पानी फिरनं." मग साहेबांना म्हणाले, "ती चारी मी बुजी व्हती. मीच उघाडसू. दिवाईना पयले सूनले लेवाले येसू."

मी विहिरीमागे जाऊन रडलो. जिथे लाल पानं टाकली होती तिथेच.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. मी नोकरी गेली असं धरूनच गेलो होतो. त्यांनी वही पुढे केली. "लिहा. दुसऱ्या तुकड्यातली लाल पाने तोडली. तोडणारा?"

"मी."

"लिहा. कारण?"

"काय लिहू, साहेब?"

"खरं ते."

मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'भीती'. त्यांनी वाचलं, या वेळी 'तपास बाकी' असं काही लिहिलं नाही, सही केली. त्यानंतर जन्मात कधी त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्या वर्षीचा अहवाल वर गेला तेव्हा दुसऱ्या तुकड्याबद्दल वरून लेखी विचारणा झाली म्हणे, हे काय चालवलंय म्हणून. साहेबांनी उत्तरात पानांची सगळी मोजणी पाठवली. तोडलेल्या पानांसकट.

लोक मला विचारतात की तो माणूस विक्षिप्त होता, की मोठा होता. मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच सांगतो की मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली आणि त्यांच्या घरी फक्त एकदाच पाणी पुढे आलं असता नाही म्हटलं. तेवढं सांगायलाच मी हे लिहायला बसलोय.

दिवाळीच्या आठ दिवस आधी अक्काला न्यायला आबांची गाडी येणार होती. त्याआधी आमची माय तिला घेऊन जळगावला आली. साहेबांच्या पाया पडायचं, काकूंच्या पाया पडायचं, असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. मीच दोघींना बंगल्यावर घेऊन गेलो. साहेब ओट्यावर पानं वाळत घालत होते. मायनं त्यांच्यापुढे डोकं टेकलं. साहेब संकोचले आणि मांडीवरची वही उघडून बसले.

काकू आतून तीन पेले पाणी घेऊन आल्या. पितळेचे, घासूनपुसून लख्ख. पाटावर ठेवले. अक्काच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "आलीस? बस."

मायनं पेल्याकडे पाहिलं. मग काकूंच्या हातांकडे पाहिलं, त्या दिवसांत झाडांना लागलेल्या. पदर सारखा करून म्हणाली, "माले तहान नही, माय."

गावाहून आगगाडीत आणि मग स्टेशनपासून उन्हात चालत आलेली बाई. तिचे ओठ सुकून चिकटले होते. जिच्यामुळे पोर नांदायला चालली होती तिच्या हातचं पाणी माझ्या आईला चालत नव्हतं! काकूंना ते कळलं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

अक्कानं आपला पेला उचलला आणि प्यायली. रिकामा करून पाटावर ठेवला. मग मायचा पेला उचलला आणि तोही प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत, मायकडे बघत.

तिसरा पेला माझा होता. माय माझ्याकडे बघत होती. अक्का बघत होती. मी खाली बघितलं आणि वहाणेचा अंगठा नीट करत बसलो. थोड्या वेळानं काकूंनी तो भरलेला पेला उचलला आणि ओट्याखालच्या जास्वंदीला ओतला.

साहेबांच्या हातात टाक होता. त्यांनी त्या पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, नोंद करा. ते म्हणाले नाहीत. वही मिटली.

तेवढी एक नोंद राहिली होती. ती आज करतो. पाणी नाकारले. नाकारणारा, मी. कारण, तेच.